आठव्या घराचं लाल कार्ड

४ फेब्रुवारी

वहिनी,

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि ऐकू येत नाही हे तू मान्यही करत नाहीस, म्हणून हे पत्र. निवांत वाच. मध्येच गिऱ्हाईक आलं तर बाजूला ठेव, पण टाचण्यांच्या डब्याखाली सारून विसरून जाऊ नकोस.

बातमी अशी की आमच्या सहनिवासातलं आठवं घर मोकळं झालंय. जे नवरा-बायको राहायला येणार होते त्यांनी ऐनवेळी अंग काढून घेतलं. आता मला याचं काही वाटत नाही. एका नव्या गटाला आमच्यासारखीच वस्ती उभी करायची आहे. त्यांनी मला विचारलंय, एवढ्या वर्षांत काय शिकलात ते लिहून द्या. मी पहिलंच वाक्य लिहिलं की पहिल्या सभेत जे सगळ्यात मोठ्यांदा 'हो' म्हणतात, ते पाया खोदायच्या आधी गायब होतात.

ते घर तू घ्यावंस असं माझ्या मनात आहे. भाड्याचंच आहे, तुझं आत्ताचं भाडं जातं तेवढ्यातच भागेल. दादा जाऊन दोन वर्षं झाली. खाली दुकान, वर तू एकटी, मध्ये तो जिना. इथे दहा घरं आहेत, प्रत्येकाचं आपापलं, लहानसं. मध्ये पायवाट, टोकाला सामाईक घर: त्यात रोज सगळे मिळून जेवतो ती मोठी खोली, कपडे धुण्याची खोली, पाहुण्यांची खोली. प्रत्येक स्वयंपाकघराची खिडकी पायवाटेकडे. ती मी काढायला लावली. आमचा आर्किटेक्ट म्हणत होता, खिडक्या मागच्या झाडांकडे काढू, दृश्य चांगलं दिसेल. मी म्हटलं, झाडांना कोण विचारतंय, माणसं दिसू देत. यावर वर्षभर भांडले, पण काढून घेतल्या.

पद्धत अशी आहे. जो राहायला येऊ म्हणतो त्याने आधी पंधरा दिवस पाहुण्यांच्या खोलीत राहायचं. मग सभा. सगळ्यांकडे तीन कार्डं असतात. हिरवं म्हणजे हो, पिवळं म्हणजे शंका आहे, लाल म्हणजे नाही. एकही लाल निघालं की गाडी तिथेच थांबते. पण लाल दाखवणाऱ्याने महिन्याभरात सभेपुढे दुसरा मार्ग ठेवायचा, नाहीतर ते कार्ड बाद. हा नियम मीच लिहिलेला आहे, उगाच कोणी पाचर मारून बसू नये म्हणून.

तुझ्या बाबतीत असलं काही होणार नाही. तू ये. इथे एकटं वाटायला सवडच मिळत नाही, दर थोड्या वेळाने माझं दार वाजत असतं.

तुझी नणंद


१३ फेब्रुवारी

वन्सं,

पत्र टाचण्यांच्या डब्याखाली ठेवलं नाही. कात्रीखाली ठेवलं.

अहो, मी या वयात कार्डं दाखवून घ्यायची? लग्नाच्या वेळी तुमच्या आईंनी मला एकदाच वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पास केलं. आता दहा घरांनी पाहायचं? आणि मी रोज सगळ्यांबरोबर जेवायचं म्हणता, तर माझं मीठ वेगळं, त्यांचं वेगळं. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. कोणी उगाच शहाणपणा शिकवला की माझी जीभ सुटते.

पण खोटं कशाला बोलू. संध्याकाळी दुकान बंद करून वर येते तेव्हा दोन्ही खोल्यांतले रेडिओ लावते. एका खोलीत एकच लावला तर तो माझा वाटतो. दुसऱ्या खोलीत पण काहीतरी वाजत असलं की वाटतं, तिकडे कोणीतरी आहे. हे असताना कधी इतकं बोलायचे नाहीत, तुम्हाला माहीतच आहे, पण खोकायचे तरी. मला त्या खोकल्याची सवय होती.

तुमच्या पत्रात एक गोष्ट खटकली. दार वाजतं असं लिहिलंत. कोण आत येतं, काय बोलतं, कुठे बसतं, हे काही लिहिलं नाहीत. तुम्हाला तर बारीकसारीक सगळं लिहायची खोड. म्हणून विचारते.

येते पंधरा दिवस. हाताचं शिलाई मशीन बरोबर आणते, नुसतं बसवत नाही मला.

तुमची वहिनी


२२ फेब्रुवारी

वहिनी,

तू येतेस हे वाचून बरं वाटलं. मशीन आण, कपडे धुण्याच्या खोलीत उजेड चांगला असतो, तिथेच बस.

दार कोण वाजवतं म्हणून विचारलंस. सगळेच वाजवतात. मी पाणीपुरवठा खात्यात आयुष्यभर नकाशे काढले आणि इथल्या सगळ्या नळांचे, गटारांचे नकाशेही माझेच, तेव्हा माझ्याशिवाय कुणाचं पान हलत नाही. तुझा संशयी स्वभाव जायचा नाही.

इथली माणसं थोडक्यात सांगते, म्हणजे गोंधळ नको. पहिल्या घरात दंतवैद्यबाई, कामाचा माणूस, पण बोलताना समोरच्याचे दात बघतात. सहाव्या घरात लिफ्ट दुरुस्त करणारा मुलगा आहे, त्याला सगळे लांब्या म्हणतात, दारातून वाकून येतो. नवव्यात मास्तर, गणित शिकवायचे, त्यांना हसताना मी अजून पाहिलेलं नाही. बाकीच्यांशी ओळख होईलच.

गाडीतून उतरलीस की स्टेशनबाहेर थांब. मी येते.

तुझी नणंद


२० मार्च

वन्सं,

सुखरूप पोचले. मशीनचं झाकण प्रवासात निसटलं, बाकी ठीक.

काय सांगू, मला करमत नाहीये इथे. पंधरा दिवसांत तिथली सवय लागली. सकाळी खिडकीत चहा घेऊन उभं राहिलं की पायवाटेने जाणारा प्रत्येक जण हात करणार, हे मला आधी जाचक वाटेल असं वाटलं होतं. आता इथल्या खिडकीतून समोरची भिंत दिसते, तिला हात कोण करणार. लांब्याच्या पँटी खाली सोडून दिल्या, पायाचे घोटे झाकले गेले बिचाऱ्याचे. मास्तरांच्या पँटी वर घेतल्या. दंतवैद्यबाईंच्या पांढऱ्या कोटाचे खिसे इतके फाटले होते की त्यात हात घातला की गुडघ्याला लागायचा. तुम्ही म्हणाला होतात मास्तर हसत नाहीत. हसतात हो. कपडे धुण्याच्या खोलीत एक दिवस इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

तर माझं ठरलं. मला यायचंय. रुसवेफुगवे तिथेही होतील, ते काय माझ्या घरी नव्हते? सभा सत्तावीस तारखेला आहे ना? मी दुकानाचं बघायला लागले आहे.

एक विचारायचं राहिलं. शेवटचे चार दिवस तुम्ही फार गप्प होतात. जेवायलाही दोनदा आला नाहीत. घसा बसलाय म्हणालात, पण स्टेशनवर निरोप देताना आवाज चांगला होता. काही झालं असेल तर सांगा, मनात ठेवू नका.

तुमची वहिनी


३० मार्च

वहिनी,

सभा झाली. एकमत झालं नाही. एक लाल कार्ड निघालं. कारण असं नोंदवलंय की वस्तीत साठीपुढची माणसं जास्त होतात, वयाचा समतोल राहावा. कार्ड कोणाचं होतं ते बाहेर सांगायचं नाही असा नियम आहे.

याचा अर्थ तू कोणाला आवडली नाहीस असा करून घेऊ नकोस. तब्येतीची काळजी घे.

तुझी नणंद


८ एप्रिल

वन्सं,

तुमचं पत्र एवढंसं होतं की मी पाकिटात पुन्हा हात घालून बघितलं, दुसरा कागद राहिला की काय म्हणून.

वयाचा समतोल! मी काय तराजूत बसायला आले होते? बरं, ते जाऊ दे. मला ते मास्तरच वाटतात. पँटी वर घेताना मी त्यांना म्हणाले होते, 'मास्तर, उंची कमी होत चालली आहे की पँटच वाढते आहे?' सगळे हसले, तेही हसले, पण एकटा माणूस, मनाला लागलं असेल. मला नंतर फार वाईट वाटलं. म्हणून मी परवा त्यांना पत्र टाकलं. माफी मागितली. लिहिलं की माझी जीभ सैल आहे, मन तसं नाही, आणि तुमच्या कार्डाचा मला राग नाही.

आता तुम्हाला खरं सांगते, आधी सांगितलं नाही कारण तुम्ही ओरडला असतात. मी सभेची वाट पाहिली नाही. परत आले त्याच आठवड्यात घरमालकाला घर आणि दुकान सोडते म्हणून सांगून टाकलं. त्याने लगेच दुसरा भाडेकरू बघितला. मे अखेर मला दोन्ही रिकामं करून द्यायचंय. मला वाटलं होतं तुम्ही आहात म्हटल्यावर अडणार कशाला.

तुमच्या नियमाप्रमाणे लाल कार्डवाल्याने दुसरा मार्ग सांगायचा असतो ना? तुम्ही मास्तरांशी बोला. माझ्यासाठी कोणाला विनंती करायची वेळ तुमच्यावर कधी आणली नव्हती. या एका खेपेला करा.

तुमची वहिनी


१७ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र येऊन पाच दिवस झाले. त्याच्या आदल्याच दिवशी मास्तर तू त्यांना लिहिलेलं पत्र घेऊन माझ्याकडे आले होते. माझ्या स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसले. सहा वर्षांत पहिल्यांदा बसले, नाहीतर दारातूनच बोलतात. म्हणाले, "मी हिरवं दाखवलं होतं. तुम्हाला माहीत आहे, सगळ्यांनाच माहीत आहे. आता त्यांना मी लिहू, की तुम्ही लिहिताय?"

लाल कार्ड माझं होतं.

कार्डं उघडच वर करतात. सगळ्यांनी पाहिलं. लांब्याला वाटलं माझा हात चुकला, त्याने हळूच खूण केली की अहो, लाल आहे. मी हात खाली घेतला नाही. वयाचा समतोल हे कारण मी तिथल्या तिथे जुळवलं. दिलेल्या कारणाची त्या दिवशी उलटतपासणी करायची नाही, हाही माझाच नियम. त्यामुळे कोणी काही विचारलं नाही. सगळे खुर्च्या उचलून ठेवू लागले.

का केलं ते लिहायचा प्रयत्न करते. तू विचारलं होतंस, कोण आत येतं. कोणी येत नाही, वहिनी. दार वाजतं ते मोरी तुंबली म्हणून, नळ गळतो म्हणून, किल्ली कुठे आहे म्हणून. काम सांगतात, आभार मानतात, जातात. मी ही वस्ती एकटं राहायला लागू नये म्हणून उभी केली. जागा शोधली, माणसं जमवली, सहा जणांचे रुसवे काढले, आणि कधीतरी त्यात मी या लोकांची शेजारीण राहिलेच नाही, कार्यालय झाले. पण माझ्याकडे एक सबब होती. मला वाटायचं, यांना सवड नाही, यांचा स्वभावच तसा कोरडा आहे, एकत्र जेवले म्हणजे जवळीक होतेच असं नाही. नव्या गटासाठी मी तसं लिहूनही ठेवलं होतं.

मग तू आलीस. चौथ्या दिवशी माझं दार वाजलं आणि दंतवैद्यबाई म्हणाल्या, "वहिनी आहेत का?" पाठोपाठ दुसरं कोणी आलं, त्यांनाही तूच हवी होतीस. तू मशीन मांडून बसलीस आणि ती खोली भरून जायला लागली. एकदा मी टॉवेल घेऊन आले तर आतून मास्तरांचं हसणं ऐकू येत होतं. मी दारात उभी राहिले आणि सगळे गप्प झाले. लांब्या उठून उभा राहिला. मग कोणीतरी मला म्हणालं, "बरं झालं आलात, दोन नंबरच्या मोरीचं पाणी अजून उतरत नाहीये."

मी मोरी बघायला गेले. मागे पुन्हा हसणं सुरू झालं.

त्या दिवशी मला कळलं की माणसं कोरडी नाहीत. मग तू इथे कायमची आलीस की माझी सबबही जाईल, आणि रोज समोर दिसेल की दोष माणसांत नाही, माझ्यात आहे. तेवढ्यासाठी मी तुझं घर घालवलं. तू घर सोडायचं सांगून टाकलं आहेस हे मला माहीत नव्हतं, पण माहीत असतं तरी हात खाली आला असता का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

चोवीस तारखेला सभा आहे. मी कार्ड मागे घेणार आहे आणि खरं कारण सगळ्यांपुढे सांगणार आहे. तू ये. मला शिव्या घाल, पण ये.

तुझी नणंद


२९ एप्रिल

वन्सं,

पत्र वाचलं आणि दुकानाची फळी अर्धी ओढून आत बसून रडले. मग राग आला. मग एका बाईचा ब्लाऊज उलटा शिवला, तो उसवायला संध्याकाळ गेली. आता लिहिते आहे.

चाळीस वर्षं मी तुम्हाला वन्सं म्हणते. लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही दोन वेण्या घालून शाळेत जात होतात, मला हसू यायचं त्या पोरीला अहोजाहो करताना. नंतर ते तोंडात बसलं. तुमच्याएवढी जवळची मला बहीणही नव्हती. आणि तुम्ही माझ्यासमोर कारण काय ठेवलंत, तर वय!

आता त्या हसण्याचं ऐका. तुम्ही दारात आलात तेव्हा ते तुमच्यावरच हसत होते. म्हणजे तुमच्या गोष्टीवर. मी त्यांना टाकीची गोष्ट सांगत होते. तुम्ही नोकरीला नुकत्या लागला होतात, आपल्याच इमारतीच्या गच्चीवरची रिकामी टाकी मापायला आत उतरलात आणि वरून कोणीतरी झाकण लावून घेतलं. ओरडायची लाज वाटली म्हणून तुम्ही आत गाणं म्हणत बसलात, आणि ते गाणं खालच्या सगळ्या नळांतून यायला लागलं. तळमजल्यावरच्या आजोबांनी नळाला हात जोडले. मग ह्यांनी वर जाऊन तुम्हाला वेणीला धरून बाहेर काढलं. ही गोष्ट मी तिथे तीनदा सांगितली, कारण जो येईल तो म्हणायचा, पुन्हा सांगा.

त्यांना माझं काय कौतुक असणार, वन्सं? मी पंधरा दिवसांची पाहुणी. ते यायचे तुमच्याबद्दल ऐकायला. मास्तर मला म्हणाले, "बाईंना गाणं येतं? सहा वर्षांत कळलं नाही." लांब्याने विचारलं, त्यांना चहा कसा आवडतो. त्यांना तुमची भीती वाटते हो. तुम्ही सगळ्यांना सगळं देऊन टाकता आणि कोणाकडून पेलाभर पाणीही मागत नाही, मग माणसाने तुमच्या दारात मोरीशिवाय न्यायचं तरी काय? तुम्ही आलात की गप्प झाले, कारण चोरी पकडल्यासारखं झालं त्यांना. हे मी तुम्हाला तिथेच सांगायला हवं होतं. मला वाटलं, मी राहायलाच येणार आहे, सावकाश सांगेन.

पण आता मी येत नाही. तुम्ही कार्ड मागे घेतलं असेल, हिरवंही दाखवलं असेल. तरी मला सभेच्या खोलीतला तुमचा हात दिसत राहील. रोज जेवताना समोर तुम्ही असाल, आणि मीठ मागितलंत तरी मी त्या हाताकडेच बघेन. तेवढं मोठं मन मला नाही.

कापडाच्या एका दुकानामागे खोली बघितली आहे. एकच खोली आहे, त्यातच मशीन, त्यातच पलंग. खिडकी उंचावर आहे, स्टुलावर चढल्याशिवाय बाहेर दिसत नाही. चालेल मला.

तुमची वहिनी


१२ मे

वहिनी,

तुझं 'नाही' मी सभेला कळवलं. आठवं घर यादीतल्या पुढच्या कुटुंबाला गेलं. त्यांना दोन लहान मुलं आहेत. वयाचा समतोल झाला.

त्याआधी, चोवीस तारखेला, मी सांगायचं ते सगळं सांगितलं. तुझा हेवा वाटला, हा शब्द वापरला. सांगून झाल्यावर मला वाटलं, आता खुर्च्या उचलतील. कोणी उठलं नाही. शेवटी दंतवैद्यबाई म्हणाल्या, "ते टाकीचं खरं आहे का हो?" तेव्हा तुझं पत्र मला मिळालं नव्हतं. यांना टाकीचं कसं माहीत, हेच मला कळेना. मी म्हटलं, खरं आहे. त्या म्हणाल्या, सांगा ना.

मी सांगितलं. टाकीची लांबी-रुंदी सांगितली, झाकणाचं वजन सांगितलं, ते कोणी लावलं आणि का ते सांगितलं. कोणी हसलं नाही. मास्तर म्हणाले, "वहिनी सांगायच्या तशी नाही झाली." मी म्हटलं, होणारही नाही. मग लांब्याने चहा केला. माझ्या कपात त्याने साखर घातली नाही, आणि मी त्याला कधी काही सांगितलं नव्हतं. तुझं पत्र आल्यावर त्याचा उलगडा झाला.

बाकी आहे तसंच आहे. दार अजून मोरीसाठीच वाजतं. मी आत या म्हणते, ते येतात, बसतात, आणि आम्ही दोघंही काय बोलायचं याचा विचार करत बसतो. तू असतीस तर काहीतरी बोलली असतीस. तू नाहीस ती माझ्यामुळे, हे मला रोज कळतं, आणि ते कोणाला सांगण्यासारखं नाही म्हणून तुलाच सांगते.

महिनाअखेर तुला सामान हलवायचं आहे. पलंग तुझ्या एकटीच्याने जिन्यावरून उतरणार नाही, हमाल लावलास तरी धरायला कोणीतरी हवं. मी येऊ का? राहणार नाही, संध्याकाळच्या गाडीने परत येईन. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण, मी समजेन. पण तसं लिही, वहिनी. नुसती गप्प राहू नकोस.

तुझी नणंद